पाच महिने मधातून

मला दमा आहे. हे वाक्य मी आता सरळ लिहून टाकते आहे, पण ते तोंडातून काढायला मला पासष्ट वर्षं लागली. लग्न ठरताना माझ्या आईने "हिला थंडी सोसत नाही" एवढ्यावर भागवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागल्यावर मी स्वतःच "ॲलर्जी" म्हणायला शिकले. ॲलर्जी म्हटलं की लोक फक्त "कशाची?" म्हणून विचारतात. दमा म्हटलं की दोन पावलं मागे सरकतात आणि मग काळजीच्या आवाजात विचारतात, की मुलांना तर नाही ना झाला. तीस वर्षं मी कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांचे फोन जोडून दिले, आणि छाती बंद झाली की बाथरूममध्ये जाऊन, कडी लावून, नळ सोडून निळा पंप ओढला. नळ कशाला, तर पंपाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पंप पर्सच्या तळाशी रुमालात गुंडाळलेला असायचा आणि तो रुमाल मी कुणाला नाक पुसायलाही दिला नाही.

एवढी लपवाछपवी का, तर पंपाची बदनामीच तशी आहे. "पंप लागला का? मग आता सुटायचा नाही हो," असं लोक दारूबद्दल बोलावं तसं बोलतात. अहो, चष्मा लागला की तोही सुटत नाही. कवळी सुटत नाही. त्यांच्याबद्दल कुणी हळहळताना मी पाहिलेलं नाही. पण खोटं कशाला बोलू, मलाही आतून तेच वाटायचं. पंप जितका कमी ओढीन तितकी मी शहाणी, असा माझा हिशोब होता. त्यातून निळा पंप दोन-पाच मिनिटांत छाती मोकळी करतो, म्हणून खरं औषध तेच. रोज घ्यायचं दुसरं, गोळ्यांचं औषध, जे आतली सूज हळूहळू कमी करतं आणि घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही, ते मी दर वेळी पंधरा दिवसांत बंद करायचे, कारण पंधरा दिवसांत मला बरं वाटायला लागायचं. ही माझी एकटीची हुशारी आहे असं मी समजत होते. दम्याची निम्मी माणसं हेच करतात हे मला फार पुढे कळलं.

गेल्या दिवाळीनंतर ही हुशारी माझ्या अंगाशी आली. पहाटे चारला खोकला सुरू व्हायचा तो दूधवाला येईपर्यंत थांबायचा नाही. आम्ही सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा आयटीत आहे आणि वाघोलीच्या पलीकडे एका मोठ्या सोसायटीत राहतो. तो रविवारी आला, मला जिन्यात थांबताना त्याने पाहिलं आणि जाताना जाहीर केलं की हे घर विकायचं आणि आम्ही दोघांनी त्याच्याकडे राहायला जायचं. "आई, तिथे लिफ्ट आहे, फ्रेश एअर आहे, सीनियर सिटिझन्सचा ग्रुप आहे," तो म्हणाला. फ्रेश एअर कसली, चारी बाजूंनी बांधकामं चालू आहेत, बाल्कनीत हात फिरवला की पांढरा होतो. पण ते जाऊ दे. मुलगा वाईट नाही. त्याच्या डोळ्यांत खरीच भीती होती आणि ती मला दिसत होती.

मला मात्र जायचं नव्हतं. एकेचाळीस वर्षं मी या घरात काढली, पण केवळ सवयीपोटी म्हणत नाही. इथे मला दूध, भाजी, औषधं, वाचनालय, दात काढणारा, चपला शिवणारा, सगळं माझ्या दोन पायांवर मिळतं. मंडईत जायला मला कुणाला विचारावं लागत नाही. तिथे साधी कोथिंबीर आणायची तर गाडी काढावी लागते आणि मला गाडी येत नाही. म्हणजे उरलेलं आयुष्य "अरे, जरा सोडतोस का मला" असं म्हणत काढायचं. पहाटेच्या खोकल्यापेक्षा मला त्या वाक्याची धास्ती जास्त होती.

म्हणून मी मुकाट्याने डॉक्टरकडे गेले. दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टरांनी छाती तपासली, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल घ्यायला सांगितली, कशी घ्यायची ते औषधवाला दाखवेल म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

इथे आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे छापखान्यात मुद्रितशोधक होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात गेली आणि निवृत्त झाले तरी हात थांबलेला नाही. वर्तमानपत्र पेन्सिल घेऊनच वाचतात. एकदा एका लग्नाची पत्रिका दुरुस्त करून आहेराच्या पाकिटाबरोबर मुलीच्या वडिलांना परत केली होती. ते लोक अजून आमच्याशी बोलत नाहीत. स्वतःची चूक झाल्याचं मात्र या गृहस्थांनी बेचाळीस वर्षांच्या संसारात एकदाही कबूल केलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी फारशा केल्याही नाहीत.

औषधाच्या दुकानात मागे रांग होती. औषधवाल्याने कॅप्सूलची बाटली दिली आणि शिट्टीएवढं एक प्लॅस्टिकचं यंत्र पुढे सरकवून म्हणाला, की हेही लागेल, यातून ओढायचं असतं. हे म्हणाले, "ओढायचा पंप आहे आमच्याकडे." त्यांना वाटलं निळा पंप असला की झालं, आणखी एक प्लॅस्टिक गळ्यात मारतोय. औषधवाल्याने खांदे उडवले. मी बाजूच्या स्टुलावर बसून श्वास गोळा करत होते, माझं लक्षही नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांनी भिंग काढून बाटलीवरचं सगळं वाचलं. त्यात त्यांना दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी, हे त्यांना कुठल्याशा पुस्तकाची प्रुफं तपासताना कळलेलं होतं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, हे तर महिन्याच्या दोन्ही एकादश्या करतात. औषधाला सगळं चालतं हे त्यांना मान्य होतं, पण टाळता येत असेल तर का टाळू नये? आणि दुसरी गोष्ट अशी, की कॅप्सूल गिळू नये असं स्पष्ट छापलेलं होतं. झालं, दोन्ही गोष्टी एकमेकींना चपखल बसल्या. कवच टाकून द्यायचं आणि आतली पूड मधातून चाटायची.

आणि मी चाटली. नुसती चाटली नाही, मला ते फार पटलं. लहानपणी खोकला झाला की माझी आई सितोपलादी चूर्ण मधात कालवून बोटाने चाटवायची. औषध म्हटलं की असंच, वाटीत, मधात, कुणीतरी आपल्यासाठी कालवलेलं. शिवाय ह्यांनी ते ज्या निगुतीने केलं ते पाहून मलाच लाजल्यासारखं व्हायचं. काळ्या कागदावर कॅप्सूल उघडायची, म्हणजे पांढरा कण सांडला तर दिसेल. कागदाची घडी करून पूड वाटीत सोडायची. मध अर्धा चमचा. कॅलेंडरवर सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन खुणा. बेचाळीस वर्षांत या माणसाने मला कधी गजरा आणला नाही, आणि आता सकाळ-संध्याकाळ वाटी घेऊन समोर उभा राहायचा. मी कशाला शंका घेऊ?

पाच महिने हे चाललं आणि पाच महिने माझी तब्येत उतरत गेली. निळा पंप आठवड्यातून दोनदा लागायचा तो दिवसातून चारदा लागायला लागला. पहाटे पाठीशी दोन उशा घेऊन मी बसून असायचे आणि शेजारी हे जागे असायचे. मी ज्याला त्याला सांगायला लागले की ॲलोपथीत काही अर्थ नाही, पाच महिने एक दिवस न चुकता औषध घेतेय, काडीचा फरक नाही. मुलालाही फोनवर तेच सांगितलं. त्याने ते बरोबर लक्षात ठेवलं आणि घरासाठी गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. चैत्रात त्याचा फोन आला की एक नवरा-बायको एका रविवारी अकरा वाजता घर बघायला येणार आहेत.

तेव्हा मी शेवटचा उपाय म्हणून टिळक रस्त्यावर छातीच्या एका नव्या डॉक्टरबाईंकडे गेले. वय तिशीचं. मला आजी म्हणाली, ते मी सोडून दिलं. तिने आधी काही तपासलंच नाही. म्हणाली, "औषध कसं घेता ते मला करून दाखवा." ह्यांचा चेहरा उजळला. संध्याकाळची वेळ चुकू नये म्हणून त्यांनी पिशवीतून सगळा सरंजाम आणलाच होता. टेबलावर काळा कागद पसरला, वाटी ठेवली, मधाची छोटी बाटली काढली आणि एकेक कृती समजावून सांगत चाटण तयार केलं. शेवटी तिने विचारलं, की असं किती दिवस. हे म्हणाले, पाच महिने, एकही दिवस खंड नाही, एकादशीलासुद्धा दिलं, कारण मध उपासाला चालतो.

तिने पेन खाली ठेवलं. मग खणातून ते शिट्टीएवढं यंत्र काढलं. कॅप्सूल त्यात घालायची, फिरवायचं की ती आत उघडते, आणि तोंडाला लावून जोरात श्वास ओढला की पूड थेट छातीत जाते. छातीचं औषध छातीत जायला हवं, मधातून ते पोटात गेलं आणि वाया गेलं. पाच महिन्यांत माझ्या छातीपर्यंत काहीच पोचलेलं नाही. हे सगळं तिने हळू आवाजात, न हसता सांगितलं. आणि कवचाचं काय, असं ह्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काका, कवच यंत्रातच राहतं. ते काढून टाकून द्यायचं. ते पोटात जातच नाही."

मला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं. मग माझं लक्ष ह्यांच्याकडे गेलं. कान लाल झाले होते आणि ते वाटीतल्या मधाकडे बघत होते. माझं हसू तिथेच आटलं आणि त्या जागी असा संताप आला की काय सांगू. पाच महिन्यांच्या पहाटा. उशीला टेकून काढलेली ती एकेक पहाट मला आठवली. भिंग लावून सगळं वाचणाऱ्या माणसाला पुढच्या ओळी वाचता आल्या नाहीत? आणि मी, जी दुसऱ्यांच्या फोनवरची कुजबुजसुद्धा ऐकायचे, मी का नाही विचारलं, की औषधवाला काय दाखवत होता?

मी बाईंना एकच विचारलं, पेठ सोडावी लागेल का. ती म्हणाली, धूळ, धूर, स्कूटर यांचा त्रास होतोच, त्यात खोटं नाही. पण औषधच पोचलेलं नाही तर जागेला बोल कसा लावायचा? दोन-तीन महिने नीट घ्या, औषध ओढल्यावर चुळा भरायला विसरू नका, मग बघू. आणि घर बदललं तरी औषध चुकणार नाही, हे मुलाला सांगा म्हणाली.

घरी येऊन ह्यांनी वाटी घासली आणि आत ठेवली. त्यानंतर नऊ दिवस ते जवळजवळ बोलले नाहीत. वर्तमानपत्र यायचं, ते वाचायचेही, पण पेन्सिल हातात नसायची. मी सकाळी यंत्र तोंडाला लावायचे, आत कॅप्सूल खडखड वाजायची, आणि आवाज आला की हे उठून गॅलरीत जायचे. मला टोमणे मारायची दांडगी हौस आहे आणि असा टोमणा आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. पण एकदाही जीभ वळली नाही. मुलाला मी फोन करून एवढंच म्हटलं, की नवं औषध सुरू झालंय, घराचं जरा थांबव. तो म्हणाला, आई, पाच महिने औषध घेऊन उपयोग नाही हे तूच सांगितलंस ना? याला उत्तर होतं. पण ते दिलं तर मधाची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ह्यांना मुलासमोर उघडं पाडायची माझी तयारी नव्हती. मी फोन ठेवला.

ते लोक येणार होते त्या रविवारी मी सकाळी मुद्दाम मंडईत गेले. येताना खाली मुलगा भेटला, माझी पिशवी घेतली आणि माझ्या मागून जिना चढायला लागला. नऊ दिवसांत पहाटेचा खोकला निम्म्यावर आला होता, पण जिना म्हणजे जिना. दुसऱ्या मजल्यावर छाती आवळली. पूर्वीची मी असते तर भिंतीवरचे मीटर बघायचं निमित्त करून उभी राहिले असते. त्या दिवशी मी सरळ पायरीवर बसले, पंप काढला आणि ओढला. समोरच्या दारातून शेजारीण बघत होती. मी तिला म्हटलं, "मला दमा आहे."

ती म्हणाली, "माहीत आहे. तीस वर्षं छतातून ऐकतेय." आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवून आत गेली.

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, बघ, हेच मी सांगतोय, अजून किती दिवस असं चालवायचं, अकरा वाजता माणसं येतायत, आज हो म्हणून टाकू या. मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, घराचा काही दोष नाही, माझीच हयगय झाली, पाच महिने मी औषध घ्यायला विसरत होते आणि तुम्हाला घेतलं म्हणून सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची तरी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, आणि मला वाटलं, चला, निभावलं.

कसलं निभावतंय. मुलगा पायरीवर माझ्याशेजारी बसला, माझा हात हातात घेतला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, की मग तर तू आमच्याकडेच हवीस. औषध विसरतेस म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे. माझ्याच तोंडाने मी माझं घर घालवलं होतं. आता बोललेलं परत कसं घेणार? मला रडू यायला लागलं.

वरून चपलांचा आवाज आला. हे तिसऱ्या मजल्यावरून कठडा धरून खाली येत होते. आमच्या वर तीन पायऱ्या असताना थांबले.

"ती एक दिवस विसरलेली नाही," हे म्हणाले. "मी जे दिलं ते तिने घेतलं. मी चुकीचं दिलं. ओढायचं औषध मी तिला मधातून चाटवलं, पाच महिने. औषधवाला सांगत होता, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. माझ्या चुकीपायी तिचं घर विकू नकोस."

बहात्तर वर्षांचा हा माणूस मुलासमोर मान खाली घालून उभा होता. मुलगा आधी हसेल असं मला वाटलं, मग चिडेल असं वाटलं. त्याने दोन्हीपैकी काही केलं नाही. खिशातून फोन काढला आणि त्या लोकांना आज येऊ नका म्हणून कळवलं. मग मला म्हणाला, की ठीक आहे, तीन महिने बघू, तोवर फरक पडला तर विचार करू.

मी डोळे पुसले. म्हटलं, "तीन महिने कोणी मागितलेत तुझ्याकडे? तीन महिन्यांनी दम लागला तरी मी याच पायरीवर बसून पंप ओढीन. मला थांबत थांबत चढता येतं. तुला घाई असेल तर तू पुढे हो." तो खरंच पुढे झाला, पिशवी वर ठेवली, खाली येताना माझ्या पाया पडला आणि गेला. रागावला होता का ते मला नक्की सांगता येत नाही. पुढच्या रविवारी मात्र वेळेवर जेवायला आला.

आम्ही दोघं तिथेच बसलो, मी खाली, हे तीन पायऱ्या वर. हे म्हणाले, "तू माझ्यासाठी खोटं बोललीस." मग म्हणाले, "तुला राग नाही आला माझा?"

"आलाय ना," मी म्हटलं. "चांगला पाच महिन्यांचा साठलाय. तो इथेच राहून काढणार आहे."